मनसर पट्ट्यातली बंद खाण : कामाची वही

९ जानेवारी २०२४

बंद पडलेल्या एका मँगनीज खाणीवर लोकांना येता-थांबता येईल अशी जागा करायची आहे, आराखडा माझ्याकडे. आज पहिल्यांदा खाणीवर गेले. नागपूरहून कामठी, कन्हान मागे टाकून जबलपूर रस्त्याने मनसर आणि तिथून आत कच्च्या रस्त्याने. गावाचं नाव या वहीत लिहीत नाही. ग्रामसभेचा ठराव व्हायचा आहे, त्याआधी नाव कागदोपत्री फिरायला नको असं सरपंचताईंनी सांगितलं आणि ते मला पटलं.

खाण म्हणजे पूर्व-पश्चिम पसरलेला एक लांबोडका खड्डा. अंदाजे ३०० मीटर लांब, रुंदी कुठे ४० मीटर तर कुठे जेमतेम २५. तळाला पाणी साचलेलं, काठावरून जवळजवळ काळं दिसणारं. उत्तरेला मलब्याचा मोठा ढीग. त्यावर चढलं की रामटेकचं गडमंदिर दिसतं. ढिगाच्या पायथ्याशी छप्पर उडालेलं हाजरीघर, वजनकाट्याची खोली, गावापासून दूर एकटी उभी बारुदाची कोठी, आणि एका जागी दगडी खांबांच्या दोन रांगा. एकूण १२ खांब असावेत, त्यातले ७ उभे आहेत. ते कशाचे, हे सोबतच्या कोणालाच सांगता आलं नाही.

काम देणाऱ्यांची मागणी सरळ आहे : पर्यटकांनी थांबावं असं काहीतरी. खड्ड्यावर पुढे आलेला सज्जा, गाड्या लावायला जागा, उपाहारगृह. रात्री घरी येऊन मीही तेच काढलं. खड्ड्याच्या दक्षिण काठावरून ९ मीटर बाहेर झेपावणारा पोलादी सज्जा, काचेचा तळ. रेखाटन चांगलं उतरलं आहे.

१७ जानेवारी

जुने कागद वाचण्यात दिवस गेला. खनिजांचा अभ्यास करायचा तर नागपूरसारखं गाव नाही. भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय इथे, मँगनीज काढणाऱ्या सरकारी 'मॉयल' कंपनीचं इथे, कोळसा काढणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचंही इथेच. तरी शहरातल्या माणसाला मँगनीज म्हणजे काय ते विचारा, काटोल रोडवरच्या मॉयलच्या इमारतीपलीकडे फारसं कोणी काही सांगणार नाही.

इथल्या मँगनीजच्या धंद्याची सुरुवात १८९६ सालच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून धरतात. पुढे तिचीच इंग्लंडात नोंदलेली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर (सीपीएमओ) कंपनी झाली. १९६२ मध्ये तिची मालमत्ता सरकारने घेतली आणि मॉयल उभी राहिली : ५१ टक्के केंद्र आणि महाराष्ट्र-मध्य प्रदेश सरकारांचे, ४९ टक्के जुन्या कंपनीचे. १९७७ मध्ये तो उरलेला हिस्साही सरकारकडे आला. मनसर, कांद्री, गुमगाव, बेलडोंगरी या मॉयलच्या इथल्या खाणी. आमची खाण त्यांच्यातली नाही. ती एका छोट्या खाजगी पट्टेदाराची होती, खनिज संपलं तशी टाकून दिलेली. तिच्यावर एक पानही लिहिलेलं सापडत नाही.

दगडांबद्दल मात्र भरपूर लिहिलेलं आहे. भूवैज्ञानिक फर्मर यांनी भारतातल्या मँगनीजवर १९०९ मध्ये मोठा ग्रंथ काढला. त्यात त्यांनी इथल्या मँगनीज-गार्नेट आणि गारगोटीच्या खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' नाव दिलं. बेलडोंगरीवरून 'बेलडोंगराइट' हे खनिजाचं नाव आलं. पुढच्या भूवैज्ञानिकांनी इथल्या खडकांच्या, म्हणजे सौसर गटातल्या थरांना मनसर, चोरबावली, जुनेवानी अशी गावांचीच नावं दिली. जबलपूर रस्त्याच्या पाट्यांवरची ही नावं जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहेत. आणि त्याच गावांतल्या ज्या हातांनी हा दगड उपसला त्यांची हजेरीपुस्तकं वाळवी खाऊन गेली.

२८ जानेवारी

त्या १२ खांबांचा उलगडा झाला. दोन विद्यार्थी सोबत होते, खांबांची मापं घेत होतो. शेळ्या घेऊन एक आजी आल्या. बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "काऊन बाई, काय मोजून राह्यली? हे तं आमचं बसाचं ठिकाण होतं."

ती निवडाईची शेड होती. खालून टोपल्यांनी वर आलेला माल बायका इथे हातोडीने फोडायच्या आणि डोळ्यांनी निवडायच्या. काळा, जड, चकाकणारा एका बाजूला, फिका किंवा पांढऱ्या रेघांचा दुसऱ्या बाजूला. आजींनी खाली वाकून दोन दगड उचलले आणि माझ्या दोन हातांत दिले. आकार सारखाच, पण उजवा हात खाली गेला. "हे वजन हातालेच समजते. डोये नंतर." आजी १३-१४ वर्षांच्या असताना आईबरोबर आल्या, मग खाण बंद होईपर्यंत इथेच. मजुरी मालाच्या ढिगावर, दिवसावर नाही. ढीग चौकोनी रचायचा, मुकादम काठीने मापायचा. तान्ही मुलं खांबाला बांधलेल्या झोळीत.

विद्यार्थिनीने विचारलं, कोण कुठे बसायचं? आजींनी जागा दाखवल्या. प्रत्येक बाईची जागा ठरलेली. "आमची पाठ खाणीकडं राहे," असंही म्हणाल्या. लिहून ठेवलं.

मला रात्रभर तो हात खाली गेल्याचं आठवत होतं. आपण खाण म्हटलं की खड्डा बघतो. खड्ड्यातून निघालेला प्रत्येक दगड या १२ खांबांमधून गेला आहे. इथे बसून बायकांनी ठरवलं, हा रेल्वेने बंदराकडे जाईल आणि हा ढिगावर. म्हणजे उत्तरेचा तो ढीग मलबा नाही, तो हजारो वेळा घेतलेला 'नको' आहे. खड्डा, शेड आणि ढीग ही एकच वास्तू आहे आणि शेड हा तिचा मधला खण.

३ फेब्रुवारी

मनसरच्या हिडिंबा टेकडीवर जाऊन आले. वाकाटक काळातलं विटांचं बांधकाम उत्खननात निघालं ती जागा. एकावर एक पायऱ्यांनी चढत गेलेले थर, कोनाडे, दीड हजार वर्षांची वीट. तिथून पाहिलं तर आसपासच्या खाणींचे ढीगही तसेच थराथरांनी चढलेले दिसतात. एकाला आपण संरक्षित स्मारक म्हणतो, दुसऱ्याला पडीक. दोन्हींची बरोबरी करायची नाही मला. पण माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हातांनी रचलेली टेकडी सपाट करून गाड्या लावायच्या, हे आता माझ्याच्याने होणार नाही.

१२ फेब्रुवारी

मोजणी. संरचना अभियंता मित्र आणि एक निवृत्त खाण-मेट (खाणीतल्या कामावर देखरेख करणारे) काका सोबत. काकांनी खड्ड्याच्या कडेवर चालायला आम्हाला मनाई केली. कडेपासून १० मीटर आत चुन्याची रेघ मारून घेतली आणि मगच यंत्र लावू दिलं.

ते बरोबर निघाले. दक्षिण काठाला समांतर, कडेपासून ४ मीटर आत एक भेग आहे. गवतात लपलेली, काही ठिकाणी मनगट जाईल एवढी. धातुखाणींच्या १९६१ च्या नियमावलीप्रमाणे कठीण खडकातही उघड्या खाणीच्या भिंती टप्प्याटप्प्याने कापाव्या लागतात, टप्प्याची उंची साधारण ६ मीटरच्या आत. इथली दक्षिण भिंत १५ मीटर सरळ उभी आहे. तळाशी चांगला माल लागला की लोक भिंत आतून खात गेले, टप्पे राहिले नाहीत. खडकाच्या पापुद्र्यांचा उतार खड्ड्याच्याच दिशेने आहे, म्हणजे पावसाचं पाणी भेगेत शिरलं की एकेक पापुद्रा सुटतो.

माझा ९ मीटरचा सज्जा नेमका याच कडेवर होता.

मित्र म्हणाला, खडकात खोल बोल्ट मारून तो उभा करता येईल. येईलही. त्या खर्चात बाकी सगळं काम दोनदा होईल.

१५ फेब्रुवारी

सज्जा रद्द. काम देणाऱ्यांना फोटो, भेगेचा नकाशा आणि आजींनी दाखवलेल्या जागांचं रेखाटन पाठवलं. तीन तास बोलणं झालं. उपाहारगृह त्यांना हवंच आहे, ते वजनकाट्याच्या खोलीत बसेल एवढ्यावर मिटलं.

२ मार्च

सावनेरला विद्यार्थ्यांना घेऊन गेले. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि पर्यटन महामंडळाने २०१६ मध्ये तिथे खाण पर्यटन सुरू केलं. इको पार्कमध्ये भूमिगत खाणीची प्रतिकृती आहे, आणि पर्यटकांना चालू खाणीतही नेतात. मुलं दोन तास प्रश्न विचारत होती. कोळसा कसा निघतो हे ज्याने कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी ती उत्तम शाळा आहे. आमची गोष्ट वेगळी एवढ्यासाठी की आमच्याकडे कंपनी नाही, तिकीट नाही, देखभालीला माणूस नाही. जे बांधू ते गावाने वापरलं तरच टिकेल.

परतताना गाडीत विद्यार्थ्यांशी बोलणं झालं ते परदेशातल्या दोन कामांवर. जर्मनीतल्या ड्यूसबुर्गचा पोलाद कारखाना १९८५ मध्ये बंद पडला, उद्यानरचनाकार पीटर लाट्झ यांनी त्याचं उद्यान केलं. भट्ट्या तशाच ठेवल्या, खनिजाच्या कोठारांत बागा लावल्या. तिथली माती आणि पाणी स्वच्छ करणं हाच आराखड्याचा कणा. दुसरं नॉर्वेतलं आल्मानायुवेत. १८८१ ते १८९९ अशी १८ वर्षं चाललेली जस्ताची खाण, तिथे वास्तुविशारद पीटर झुमथोर यांनी २०१६ मध्ये तीन लहान इमारती उभ्या केल्या. लाकडी पायांच्या मांडवावर ठेवलेल्या काळ्या पेट्याच त्या.

विद्यार्थ्यांना ते लाकडी पाय फार आवडले. मला त्यातला एकच धडा इथे लागू दिसतो : जमिनीला कमीत कमी ठिकाणी टेकायचं. ढिगाची जमीन तर भरवशाची नाहीच. सुटा टाकलेला दगड ३५-३८ अंशांवर स्वतःला धरून उभा असतो, पायथा जरा खणला की सगळा उतार नव्याने जागा शोधतो. त्यामुळे ढिगावर आणि ढिगाच्या पायथ्याला पाया नाही, म्हणजे नाही. शेड मूळच्या मुरमावर आहे, तिथेच बांधायचं.

२१ मार्च

पाण्याचे अहवाल आले. मेट काकांच्या सल्ल्याने आम्ही नमुने दोन खोलींवरून घेतले होते आणि त्याचा उपयोग झाला. वरचं पाणी बरं आहे. तळाच्या पाण्यात मँगनीज पिण्याच्या मर्यादेच्या पुष्कळ वर. भारतीय मानकात मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत चालवून घेतात. खोल, अरुंद खड्ड्यात तळाशी हवा पोचत नाही. प्राणवायू नसलेल्या पाण्यात मँगनीज विरघळून राहतं. थंडीत वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, तळाचं वर येतं, हवा लागते आणि काळा गाळ धरतो. गावातल्या बायका म्हणतात, "पुसात पाणी काळं पडते," ते हेच. त्यांना हे कधीपासूनच माहीत आहे.

तर पिण्यासाठी हे पाणी नाही. फलक लावायचा, पण फलकाने मुलं थांबत नाहीत. उन्हाळ्यात पोरं पश्चिम टोकाच्या जुन्या वाहतूक रस्त्याने उतरून पोहतात. पाण्याखाली तो रस्ता एकदम तुटतो आणि पुढे थेट खोल. आजवर काय काय झालं ते गावाने सांगितलं. इथे लिहिणार नाही.

ठरलं ते असं. रस्त्याचा उतार तसाच ठेवायचा. जिथे तो तुटतो तिथे, पाणी उतरेल त्या मे महिन्यात, दगडी पेट्यांची जाळीबंद भिंत कंबरेइतक्या खोलीवर टाकायची, म्हणजे आत उथळ पट्टा राहील. बाकी तिन्ही बाजूंना कडेपासून १० मीटरवर दगडाचं कुंपण. मेट काकांची चुन्याची रेघ हीच कुंपणाची रेघ.

६ एप्रिल

ग्रामसभा. ठराव झाला. उपाहारगृहावरून वाद झाला (चालवणार कोण?), कुंपणावरून एक शब्दही नाही. आजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

२ मे

मजुरांच्या वेळा सकाळी ६ ते १०.३० आणि संध्याकाळी ५ ते ७.३० केल्या. काळा दगड उन्हात तापतो तो संध्याकाळी सातलाही हाताला लागतो. माठ तीन, शिवाय ताक. दुपारी कोणीही उघड्यावर दिसलं तर काम बंद, हे ठेकेदाराला लिहून दिलं आहे.

कुंपणाचा दगड इथलाच. मिस्त्री काकांनी पहिल्याच दिवशी तीन ढीग केले. अभ्रकाचा पापुद्र्या दगड भिंतीला नाही, तो दोन पावसाळ्यांत भुसभुशीत होतो. गारगोटीचा चालेल. गोंडाइट सगळ्यात टणक, पण "हा गोटा टाकी खाते जी," असं म्हणून त्यांनी बोथट झालेल्या चार टाक्या माझ्यासमोर ठेवल्या. गार्नेटमुळे. म्हणून गोंडाइट न घडवता जसाच्या तसा पायथ्याला, गारगोटी वर. भिंत सुकी, बिनचुन्याची. पाणी आरपार जाऊ द्यायचं. जे तीन ढीग मिस्त्री काकांनी केले ते करताना त्यांनी प्रत्येक दगड आधी हातात तोलला. मी आजींना बोलावून ते दाखवलं. दोघांचं बराच वेळ बोलणं चाललं होतं, कोणता दगड कुठे निघायचा यावर.

१४ मे

शेडच्या फरशीत खनिजाचा काळा चुरा मिसळायचा माझा विचार होता. मँगनीज ऑक्साइडने विटांना, सिमेंटला गडद रंग देतात, त्यात नवं काही नाही. नमुनाही करून पाहिला, सुंदर काळा आला. तो रद्द केला. या चुऱ्याची धूळ छातीत गेली की मेंदूवर परिणाम होतो, चाल बिघडते. स्कॉटलंडमधले डॉक्टर कूपर यांनी मँगनीज दळणाऱ्या कामगारांत हे पहिल्यांदा नोंदवलं ते १८३७ मध्ये. रोज झाडली जाणारी, पायाखाली घासली जाणारी फरशी त्या चुऱ्याची नको. साधा मुरूम आणि चुना. निवडाईच्या बायकांनी आयुष्यभर ती धूळ अंगावर घेतली, तेव्हा कोणी मोजली नाही. आता त्याच जागेत आपण ती शोभेसाठी घालायची?

दगड फोडणाऱ्यांना पाणी मारूनच फोडायला सांगितलं. तोंडाला फडकं पुरत नाही, धुळीचे मास्क आणले.

वाळू कोळसा खाणीच्या मलब्यातून धुऊन काढलेली मिळाली. कामठी पट्ट्यात कोळशावरच्या वालुकाश्मापासून ती काढतात. कन्हानच्या नदीपात्रातली घ्यायची नाही हे सुरुवातीपासून ठरलं होतं. एका खाणीचा मलबा दुसऱ्या खाणीच्या दुरुस्तीला आला. मिस्त्री काका सुरुवातीला नाराज होते, नदीच्या वाळूची सर नाही म्हणाले. दोन घाणे करून पाहिल्यावर गप्प झाले.

२७ मे

पाणी सगळ्यात खाली गेलं. पश्चिम टोकाच्या दगडी पेट्या चार दिवसांत टाकून झाल्या. दुपार सोडून दिवसरात्र काम केलं.

२३ जून

चूक झाली, माझी.

ढिगाच्या माथ्यावर पावसाचं पाणी वळवायला मी चर दिला होता. त्याचं तोंड ईशान्य कोपऱ्यात काढलं, कारण नकाशावर तिथे नैसर्गिक ओघळ दिसत होता. परवाच्या पहिल्या मोठ्या पावसात चराने सगळं पाणी त्या एका ओघळात ओतलं आणि ढिगाचा कोपरा कापत नेला. माणूस उभा राहील एवढी घळ पडली. काळा राडा खाली एका शेतकऱ्याच्या बांधीत उतरला. धानाचे पऱ्हे टाकलेले होते. अर्धी बांधी गाडली गेली.

सकाळी त्यांच्या घरी गेले. ते फार बोलले नाहीत. त्यांच्या आई म्हणाल्या, "खाण चालू होती तवाही हेच होये. तुमी तं सुधराले आले होते ना?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. राडा काढून द्यायचं काम आजच लावलं. शेजारच्या गावातून पऱ्हे विकत घेऊन त्यांना दिले, पैसे माझ्या फीमधून.

रात्री मित्राबरोबर पुन्हा हिशेब मांडला. चराच्या तोंडाशी पाण्याचा जोर मोडायला काहीच नव्हतं. आणि ढिगासारख्या सैल उतारावर पाणी एका जागी गोळा करणं हेच मुळात चुकीचं. ते जिथे पडतं तिथेच थोडं थोडं थांबवायला हवं होतं.

३० जून

माथ्यावरचा चर बुजवला. त्याऐवजी उतारावर समपातळीत आठ ओळी चरांच्या, उथळ, एकमेकांना न जोडलेल्या. घळीत खालून वर दगडी बांध, प्रत्येक गुडघ्याएवढा. पायथ्याशी गाळ बसायला खड्डा, त्यातून निथळलेलंच पाणी शेताकडे. ज्यांची बांधी गेली त्या शेतकऱ्यानेच गाळखड्ड्याची जागा दाखवली. वीस वर्षं त्यांनी ते पाणी कुठून येतं ते पाहिलं आहे. हा माणूस मला मार्चमध्येच भेटायला हवा होता.

१८ जुलै

लागवड. ढिगात माती नाही, सेंद्रिय अंश नाही, मुळांना धरायला काही नाही. नागपूरच्याच 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज ढिगावर बऱ्याच वर्षांपूर्वी हे सोडवून दाखवलं : साखर कारखान्यातला प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी) मिसळायचा आणि मुळांशी राहणारी बुरशी व नत्र धरणारे जिवाणू लावून रोपं टाकायची. नुसती माती पसरण्यापेक्षा हे टिकतं. आम्ही त्याच वाटेने गेलो. चरांच्या खालच्या बाजूला करंज, शिसू, बांबू, घळीच्या दोन्ही काठांना वाळा. दक्षिणेचा एक पट्टा मुद्दाम मोकळा ठेवला. तिथे ढिगाचे रंग दिसतात, काळा, विटकरी, पांढरी रेघ. सगळा ढीग हिरवा केला तर कोण काय नाकारत होतं ते दिसणार नाही.

सरपंचताईंना तो मोकळा पट्टा अर्धवट राहिल्यासारखा वाटतो. आजींना घेऊन त्यांना वर नेलं. आजींनी बोटाने दाखवलं, हा थर अमुक साली, हा तमुक. साल चुकत असेल, क्रम नाही.

९ ऑगस्ट

पूर्वेकडचं आडवं भुयार आम्ही बंद करणार होतो. संध्याकाळी आत वटवाघळं दिसली, शेकड्याने. भिंत घालायची नाही. आडव्या गजांची जाळी, गजांमधलं अंतर त्यांना उडता येईल असं, आणि तीही विणीचा हंगाम संपल्यावर.

१२ सप्टेंबर

शेडचं छप्पर चढलं. उभ्या ७ खांबांवर भार दिलेला नाही, त्यांच्या शेजारी लोखंडी पाइपचे नवे पाय, प्रत्येकाला छोटा वेगळा पाया. पडलेल्या ५ खांबांच्या जागी फक्त जोतं. वर बांबू आणि कवेलू. गावात स्लॅबची घरं होत आहेत, जुन्या कवेलूंचे ढीग अंगणात पडून होते. घराघरांतून मागून आणले, ११ घरांचे. कवेलूंचे आकार जुळत नाहीत, मिस्त्री काकांनी तीन दिवस नुसते लावून पाहण्यात घालवले.

खाली दगडी ओटे बांधून झाले. बसलं की समोर खड्डा, पलीकडे दक्षिणेचा काठ आणि झाडं. पावसाने पाणी वर आलं आहे.

२२ सप्टेंबर

आज आजी आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या आणखी चौघी आल्या. एकीला मुलाने मोटरसायकलवर मागे बसवून आणलं. पाचही जणी शेडमध्ये शिरल्या आणि सरळ आपापल्या जागी गेल्या. ओट्यांवर बसल्या नाहीत. ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसल्या, तोंड ढिगाकडे.

मी म्हटलं, आजी, इकडे तोंड करून बसा, पाणी दिसेल.

"पाण्याकडं पाहून काय करता? ऊन डोयात जाते." आजींनी जमिनीवरून एक दगड उचलला, फिरवला. खड्डा दक्षिणेला. दक्षिणेकडे तोंड केलं की दिवसभर ऊन समोरून. पाठ तिकडे केली की उजेड खांद्यावरून हातातल्या दगडावर पडतो आणि चकाकी ओळखू येते. निवडाई त्याशिवाय होतच नव्हती. ढीगही समोर हवा, टाकायला.

वही काढून मागची पानं पाहिली. २८ जानेवारी : आमची पाठ खाणीकडं राहे. माझ्याच अक्षरात आहे. ते लिहिलं आणि तरी आठ महिने मी सज्जाच बांधत राहिले, फक्त तो आडवा करून शेडमध्ये घातला.

चौघींत आता जुंपली होती, मधल्या खांबाजवळ कोणाची जागा यावरून. विद्यार्थिनी खडूने जमिनीवर खुणा करत होती, खोडत होती, पुन्हा करत होती. मिस्त्री काका कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते. मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा ते ओट्यांचे दगड मोजत होते.

"फिरवाचे का, मॅडम?"

हो म्हटलं. दगड सुकेच रचलेले आहेत, दोन दिवसांत होईल. उद्या सकाळी सहाला येते असं सांगितलं. खडूच्या खुणांवर रात्रीपुरती ताडपत्री टाकली आहे.